पोच

पडद्यावर ‘पोच’ यायला हवी होती, ती आली नाही. तिच्या जागी दुसरीच ओळ उमटली: ‘पेटी भरली आहे. पत्र परत.’ खरं तर सभागृहातल्या कुणाच्या काही लक्षात यायचं कारण नव्हतं, कारण त्यांच्यापैकी कुणी आजवर पोच पाहिलीच नव्हती. पण ती ओळ भिंतीवरच्या पांढऱ्या कापडावर वीतभर अक्षरांत पडली आणि पहिल्या रांगेतल्या एका टकल्या गृहस्थांनी ती मोठ्याने वाचून दाखवली. लोक हसले. पडद्याशेजारी उभी राहून भाषण देणारी तीही हसली. “बरंच झालं,” ती म्हणाली, “पेटी भरली की काय होतं ते मी शेवटी दाखवणारच होते. आधीच दिसलं.” आवाज ठिकाणावर होता. फक्त बोटांच्या टोकांना काही लागत नव्हतं. तिने कळफलकावरून हात उचलला, हातरुमालाने बोटं पुसली, परत ठेवली. तरी काही लागेना.

भाषण पुढे चालू राहिलं. ते तिच्यावाचूनही चालू राहिलं असतं, इतकं ते तोंडात बसलेलं होतं. हे जाळं कुणा एकाच्या मालकीचं नाही. आपल्यातल्याच काही खटपट्या लोकांनी कचेऱ्यांनी टाकून दिलेले संगणक गोळा केले, दुरुस्त केले, टेलिफोनच्या तारांनी एकमेकांना जोडले. ग्रंथालयात एक आहे, दवाखान्यात आहे, शाळेत आहेत. कुणीही यावं, स्वतःचा पत्ता घ्यावा, कुणालाही पत्र लिहावं. फुकट. ‘फुकट’ या शब्दानंतर थांबायचं, कारण तिथे माणसं हमखास एकमेकांकडे बघतात. मग म्हणायचं, “जाळं म्हटलं की अडकायची भीती वाटते, नाही का? पण जाळं खाली धरलं तर माणूस पडत नाही, हेही खरं.” हे वाक्य पहिल्यांदा सुचलं त्या दिवशी तिला स्वतःचं केवढं कौतुक वाटलं होतं. आज ते तिच्या तोंडून बाहेर पडलं, मागच्या भिंतीपर्यंत गेलं आणि तिथे कुठेतरी राहिलं. म्हाताऱ्या माणसांचं मंडळ होतं. गुडघ्यांवर काठ्या, मांडीवर पिशव्या. एक खुर्ची हलली की करकरायची, आणि त्या खुर्चीतले गृहस्थ सारखे हलत होते.

पेटी भरली आहे. म्हणजे त्याची पेटी. नवऱ्याची. दाखवण्यापुरतं पत्र पाठवायचं तर समोर कुणाचा तरी पत्ता लागतो, आणि जाळं सुरू झालं तेव्हा तिला हक्काचा असा एकच पत्ता होता. ग्रंथालयात पहिले पत्ते वाटले त्या दिवशी तिने त्याला जवळजवळ ओढूनच नेलं होतं. तो निवृत्त झालेला, उभा जन्म जमिनीचे नकाशे काढण्यात गेलेला. टोकदार पेन्सिल सोडून कुठल्याच वस्तूवर त्याचा विश्वास नव्हता. तिने त्याला खुर्चीवर बसवलं आणि मागे उभी राहिली. “ही कळ दाबली की पेटी उघडते. आता पत्रावर या. आता ही दाबा. उघडलं?” “हं,” तो म्हणाला. “आता वाचा.” “हं.” तेवढ्यात पलीकडून कुणीतरी हाक मारली, “अहो बाई, जरा इकडे या, आमचं काहीच दिसेना झालंय,” आणि ती गेली. लोकांची रांग लागली होती, एकेकाला शिकवताना वेळ कसा गेला ते कळलं नाही. परत येऊन बघते तो खुर्ची रिकामी. हे उठून घरी गेलेले. घरी आल्यावर तिने विचारलं, “कळलं का सगळं?” आणि वर्तमानपत्रातून डोकं न काढता तो म्हणाला, “हं.” तेव्हा ती चिडून जे बोलायची तेच बोलली, “तुम्हाला ना, पोच म्हणून नाही.”

हा शब्द तिचाच. जाळ्याची माहिती देत फिरणाऱ्या तिच्यासारख्या वक्त्यांच्या मंडळात त्यावर एक अख्खी संध्याकाळ वाद झाला होता. पत्र समोरच्याच्या पेटीत पडलं की यंत्र उलट खबर देतं, तिला आपल्या भाषेत म्हणायचं काय? एका निवृत्त प्राध्यापकांनी असा काही शब्द सुचवला की तो उच्चारता उच्चारता तेच अडखळले. कुणी ‘पावती’ म्हणालं. ती म्हणाली, “पोच म्हणा की. पत्राची पोच द्यावी, असं आपण लिहीतच होतो.” सगळ्यांना पटलं. दाढी, म्हणजे मंडळाची यंत्रं सांभाळणारा गृहस्थ, ज्याला त्याच्या दाढीपलीकडे कुणी कधी नाव दिलं नाही, तो तेवढा हसला. “बाई, आमची ही मला रोज सांगते की मला पोच नाही. आता यंत्राला तरी आली.” खूप हसले होते सगळे. त्या रात्रीपासून पडद्यावर ‘पोच’ उमटायला लागली, आणि ती भाषणात सांगायला लागली की पोच आली म्हणजे पत्र पोचलं, एवढंच. वाचलं की नाही ते यंत्राला ठाऊक नसतं. पोच यंत्र देतं, माणूस देत नाही.

हे तिने किती लोकांना सांगितलं असेल. शिंप्यांच्या संघात, परिचारिकांच्या वसतिगृहात, अंध मुलांच्या शाळेत, जिथे एका मुलाने विचारलं होतं की पोच आली की आवाज होतो का. सगळ्यांना सांगितलं, आणि स्वतः मात्र ते कधी ऐकलं नाही. सुरुवातीला ती लिहायची, ‘हे चाचणीचं पत्र आहे.’ पोच यायची, लोक टाळ्या वाजवायचे. मग एकदा, लोक खोळंबलेत आणि सुचत काही नाही म्हणून, तिने लिहिलं, ‘येताना चपलेचा अंगठा तुटला, तशीच फरफटत आले.’ पोच आली. लोक हसले. चपलेचं तिने घरी सांगितलं नसतं. सांगितलं असतं तर तो ‘हं’ म्हणाला असता. इथे मात्र ती ओळ तारेतून गेली आणि पलीकडून शब्द आला. मग भाषण संपल्यावर, ग्रंथालयामागच्या मंडळाच्या खोलीत एकटीने बसून ती लिहायला लागली. खोलीला एकच खिडकी, ती समोरच्या भिंतीवर उघडणारी. तिथे बसून तिने लिहिलं की तुमच्या बहिणीचा फोन आला की मला आतल्या खोलीत जाऊन बसावंसं वाटतं. लिहिलं की तुम्ही झोपलात की मी तुमचा श्वास ऐकते आणि हा कुणाचा असावा असा विचार करत पडते. लिहिलं की जिथे आनंद व्हायला हवा तिथे तो झालाय असं मला आठवून दाखवावं लागतं, आणि लोकांना ते कळत नाही, याचं नवल वाटतं. आणि एकदा, तो दिवस साधाच होता, भाषणही बरं झालं होतं, तिने लिहिलं: ‘आज रस्ता ओलांडताना मधेच उभी राहिले. वाटलं, घरी गेलंच नाही तर काय होईल? काही होणार नाही असं वाटलं. गाड्या थांबल्या होत्या, एकाने हॉर्न वाजवला म्हणून चालू लागले.’ पोच. लगेच. त्या एवढ्याशा शब्दाकडे ती कितीतरी वेळ बघत बसली, मग दिवा घालवून, खोलीला कुलूप लावून घरी गेली.

घरी कधी त्याचा उच्चार झाला नाही, आणि हेच तिला शहाणपणाचं वाटत आलं होतं. तिने मनाशी धरलं होतं की तो वाचतो. रोज दुपारी वर्तमानपत्रं वाचायला म्हणून तो ग्रंथालयात जायचा, यंत्र तिथेच वर्तमानपत्रांच्या घडवंचीशेजारी होतं. तो वाचत असणार आणि बोलत नसणार, कारण ते तिथलं होतं. तिला वाटायचं, आपलं एक घर आहे, जिथे आपण एकमेकांना भाजीत मीठ कमी आहे का एवढंच विचारतो, आणि एक दुसरं आहे, तारांच्या पलीकडे, तिथे आपण बोलतो. म्हणजे मी बोलते. तो ऐकतो. हे खूळ आहे, हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण खूळ बाळगायला फार जागा लागत नाही. त्याच्या जोरावर संध्याकाळी ताटं मांडता येत होती.

आणि आता पेटी भरली होती. भाषणाच्या शेवटच्या भागात ती हे नेहमी सांगे: पेटीत ठरावीकच पत्रं मावतात. वाचलं की टाकून द्यायचं. पेटी उघडलीच नाही तर ती भरत जाते आणि एक दिवस पत्रं परत यायला लागतात. म्हणजे समजायचं, तिथे कुणी नाही. आत्ताही ती हेच सांगत होती. “एखाद्या बंद घराच्या दारात वर्तमानपत्रं साचतात ना, तसं,” तिने आपला स्वतःचा आवाज ऐकला, आणि नेहमीच्या जागी समोरच्या माना हलल्या. दाराशी साचलेली पत्रं. चपलेचं सगळ्यात खाली. त्याच्यावर बहीण, श्वास, रस्ता, आणि त्या सगळ्यावर इतकी वर्षं जाऊन पडत गेलेली बाकीची. कुणी वाकून एकही उचललं नव्हतं. तिला रडू येईल असं वाटलं, ती वाट बघत राहिली, ते आलं नाही. टेलिफोनच्या कचेरीत नोकरीला असताना असंच व्हायचं. डोक्याला ऐकण्या-बोलण्याची कानपट्टी लावून ती अर्धं आयुष्य बसली होती, तारा जोडत. तिथला नियम कडक होता: लाइन लागली की ‘बोला’ म्हणायचं आणि कान काढून घ्यायचा. जोडून द्यायचं, ऐकायचं नाही. तरी पहिला एखादा शब्द कानात सांडायचाच. कुणाचं रडणं, कुणाचं ‘अगं झालं का?’ आणि त्याच्या पुढचं कधीच कळायचं नाही. मग आपोआप जोडणारी यंत्रं आली आणि बायका घरी गेल्या. घरी येऊन तिच्या ध्यानात आलं की आपल्याला फक्त ‘बोला’ म्हणता येतं. पुढचं येत नाही. जाळ्याचं काम हाती आलं तेव्हा म्हणूनच तिने ते दोन्ही हातांनी धरलं होतं.

“काही शंका?” तिने विचारलं. करकरणाऱ्या खुर्चीतल्या गृहस्थांना वीज गेली तर पत्रं कुठे जातात ते हवं होतं. तिने सांगितलं. टकल्या गृहस्थांना हे सगळं खरोखर फुकट आहे ना, याची पुन्हा एकदा खात्री करून घ्यायची होती. तीही करून दिली. मग भिंतीकडेला बसलेल्या एका ठेंगण्या आजी हाताचा आधार घेत उठल्या.

“बाई, तुम्ही म्हणालात पेटी भरली म्हणजे तिथे कुणी नाही. असं कशावरून?”

“पत्रं कुणी वाचली नाहीत, म्हणून ती साचली, आजी.”

“अहो, पण मी नाही का टाकत! माझ्या ट्रंकेत माझ्या भावाची सगळी पत्रं आहेत. पाठ झालीत तरी आहेत. कुणी ट्रंक बघून म्हणेल का, की म्हातारीने वाचलीच नाहीत?”

लोक पुन्हा हसले. तिने तोंड उघडलं. हे तर तिला येत होतं. वाचून ठेवलेलं पत्रही जागा अडवतं, हे छापील पत्रकात होतं आणि ते पत्रक तिनेच लिहिलं होतं. “बरोबर आहे तुमचं,” ती म्हणाली. “तसंही असू शकतं.” आजी समाधानाने बसल्या. तिने मात्र टेबलाची कड धरली. तसंही असू शकतं. दार बंद होतं तोवर बरं होतं. बंद दारापुढे माणसाला काही करावं लागत नाही.

लोक पांगले. कुणी खुर्च्या भिंतीला लावल्या, कुणी तिचे आभार मानले, टकले गृहस्थ पत्रकं दोन दोन घेऊन गेले. दाढी तारा गुंडाळत होता. हाताच्या कोपरावरून तारेचे वेढे घेत तो म्हणाला, “ते पत्र परत का आलं ते बघितलं मी, बाई. म्हटलं यंत्रात काही बिघाड तर नाही. बिघाड नाही. पेटी खरंच भरलीय.”

“हो का.”

“आत काय लिहिलंय ते नाही हं दिसत मला, तसलं काही नाही. पण उघडलेल्या पत्रापुढे खूण असते. सगळ्यांपुढे आहे. काहींपुढे तर पुन्हा पुन्हा उघडल्याची आहे. एकही टाकलेलं नाही. साहेबांना सांगा ना, चार टाका म्हणावं. नाहीतर मी पेटी मोठी करून देतो.”

“नको,” ती म्हणाली. मग म्हणाली, “सांगते.” तिने तारेचं दुसरं टोक धरलं, कारण ते धरायचं काम नेहमी तिचं असे. दाढीने वेढे घेतले. टोक तिच्या हातातून सरकत गेलं तेव्हा तिने मूठ मिटलेलीच ठेवली.

ती चालत निघाली. दुकानांचे दिवे लागत होते. सगळ्यांपुढे आहे. तर मग त्याला ठाऊक होतं. बहिणीचा फोन आला की तो अलीकडे स्वतःच उचलून घेतो आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बोलतो, ते उगीच नव्हतं. आणि रात्री कधीकधी तो श्वास रोखून पडल्यासारखा वाटायचा, तेव्हा ती म्हणायची, “झोप लागत नाही का?” आणि तो म्हणायचा, “हं.” म्हणजे तिच्यासमोर बसून, तिच्या हातचं जेवून, तोंड पुसून, तो ते सगळं आत घेऊन हिंडत होता. तिला लाज वाटायला हवी होती, की संताप यायला हवा होता, की त्या आजींच्या ट्रंकेसारखं काही ऊबदार वाटायला हवं होतं. तिने एकेक करून बघितलं. एकही पुरतं लागेना. रस्त्याशी आली तेव्हा गाड्या थांबल्या होत्या. ती सरळ ओलांडून गेली, मधे थांबली नाही, आणि पलीकडच्या फुटपाथवर पोचल्यावर तिला वाटलं, हे कुणीतरी बघायला हवं होतं.

घराच्या बाहेरचा दिवा लागलेला होता. तो नेहमीच लागलेला असे. काही काळापूर्वी त्याने ही नवी सवय लावून घेतली होती: दिवस मावळला की बाहेरचा दिवा लावून ठेवायचा. कशाला, विचारलं तर सांगता येत नव्हतं. उतारवयातला विसराळूपणा, असं धरून ती आत येता येता पुटपुटत तो घालवी. आत्ताही चपला काढता काढता तिचा हात बटणाकडे गेला, आणि दिवा गेला.

तो टेबलाशी बसला होता. तिचं ताट मांडून, वर दुसरं पालथं घालून ठेवलं होतं. तिने हात धुतले, समोर बसली. ताट उघडलं. वाफ केव्हाच गेली होती.

“तुमची पेटी भरलीय,” ती म्हणाली.

त्याने वर बघितलं नाही. टेबलावरच्या पाण्याच्या थेंबाला तो बोटाने ओढत नेत होता, सरळ रेषेत, जशी त्याची सवय होती. “असं होय,” तो म्हणाला. “आज नवीन काही आलं नाही. मला वाटलं, तू थांबवलंस.”

“सगळी वाचलीत?”

“हं.”

“आणि कधी एक अक्षर नाही. कधी उत्तर नाही.”

“उत्तर कसं द्यायचं ते तू दाखवलंच नाहीस.” तो अगदी शांतपणे, तक्रार नसल्यासारखा म्हणाला. “उघडायचं दाखवलंस. मग तुला कुणी हाक मारली. मी थांबलो होतो बराच वेळ. मागे माणसं उभी होती, खुर्ची अडवून किती बसणार?”

अख्ख्या गावाला तिने उत्तर द्यायला शिकवलं होतं. अंध मुलांनाही.

“कुणालाही विचारायचं होतंत. मला विचारायचं. नाहीतर तोंडाने सांगायचं होतंत, मी काय दूर होते?”

“तिथलं इथे कसं बोलायचं?” तो म्हणाला. “तू तिथे लिहिलंस. इथे बोलायचं असतं तर इथेच बोलली असतीस ना?” थेंबाची रेष टेबलाच्या कडेला पोचली. तिथे त्याने बोट थांबवलं. “ते रस्त्याचं पत्र आलं, तेव्हा मी त्या यंत्रापुढे खूप वेळ बसलो. एक दोन कळा दाबून पाहिल्या. भलतंच काही झालं आणि पत्रच गेलं तर, म्हणून हात काढून घेतला. मग म्हटलं, निदान बाहेरचा दिवा तरी लावून ठेवावा.”

स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता. तिला तो ऐकू येत होता, प्रत्येक थेंब वेगळा.

“काय लिहायचं ते मात्र ठरलं होतं माझं,” तो म्हणाला. “तेव्हाच ठरलं होतं. मी लिहिणार होतो, की घरी आली नाहीस तर...” तो थांबला. मान वर करून त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि इतक्या वर्षांत तिच्या पहिल्यांदाच लक्षात आलं की तो समोरच्याची वाट बघतो. लाइन लागली होती. पलीकडे माणूस होता. आता फक्त एक शब्द म्हणायचा होता, जो तिने आयुष्यभर परक्यांना म्हटला होता. आणि तो म्हणून झाल्यावर, या खेपेला, कान काढून घ्यायचा नव्हता. तिने तो शब्द आत शोधला. तो जिथे असायला हवा होता तिथपर्यंत ती गेली. बोटांना काही लागेना.

“हं,” ती म्हणाली.

त्याने मान हलवली, जसं काही पत्र पोचल्याचं कळलं असावं. मग खुर्ची मागे सारून उठला, दारापर्यंत गेला आणि बाहेरचा दिवा पुन्हा लावून आला. दोघंही घरात होती. यायचं कुणी राहिलं नव्हतं.